तक्रार: 'सप्टेंबर १९३९' वाफगाडी फोटोसहल, सहा रनपास्ट सांगून दोन, तेही वाफेविना

प्रति,
व्यवस्थापक, फोटोसहल विभाग

तुमच्या ग्राहकसेवेला केलेला चौथा फोन आत्ताच ठेवला. यापुढे फोन नाही. जे आहे ते लेखी.

ब्रिटनमधल्या जतन केलेल्या वाफगाडीच्या मार्गावर तुम्ही बारा जणांसाठी जी सहल विकलीत, तिला माहितीपत्रकात 'फोटो चार्टर', म्हणजे खास फोटोंसाठी चालवलेली गाडी, म्हटलं आहे. गाडीत बसून खिडकीतून डोंगर बघण्याची सहल वेगळी आणि फोटो चार्टर वेगळं, हे तुम्हाला समजावून सांगायला नको. सहा रनपास्टचं वेळापत्रक तुम्हीच छापलंय. रनपास्ट म्हणजे गाडी वळणाआड मागे न्यायची, फोटोग्राफरांची रांग लागली की शिट्टी, मग ड्रायव्हरने रेग्युलेटर, म्हणजे वाफेची झडप, उघडून इंजिन जोरात समोरून काढायचं, परत मागे. एका फेरीला पंधरा-वीस मिनिटं धरली तरी सहा फेऱ्या दोन तासांत बसतात. आम्हाला मिळाल्या दोन.

पहिली फेरी सकाळी साडेसातला व्हायची होती. ती अकरा वाजून दहा मिनिटांनी झाली, कारण तुमच्या समन्वयकांनी आधी नाश्ता ठेवला. तासांचा हिशेब बाजूला ठेवा, हवेचा बघा. वाफ स्वतः दिसत नाही. धुराड्याच्या तोंडाशी जो थोडा मोकळा भाग दिसतो, ती खरी वाफ. पांढरा ढग दिसतो तो तिचे गार होऊन झालेले थेंब. हवा जितकी थंड, तितका तो ढग दाट आणि तितका वेळ टिकणारा. ऑक्टोबरात पहाटेच्या गारठ्यात तो डब्यांवरून मागे पसरत जातो. दुपारच्या उन्हात इंजिनापासून चार हातांवर विरून जातो. साडेसातची वेळ म्हणून तर माहितीपत्रकात ठळक छापली होती ना? की ती नाश्त्याची होती?

ऑक्टोबरात तिथे सूर्य दिवसभर दक्षिणेकडेच, आणि खाली. आम्हाला रुळांच्या उत्तरेला उभं केलं. काळ्या इंजिनाची सावलीतली बाजू, मागे उजळ आकाश. चाकं, कनेक्टिंग रॉड, पायऱ्या, सगळं एकजीव डांबर. मीटरने काळं इंजिन बघून उजेड वाढवला की आकाश आणि ढग जळतात. ढग वाचवायला उजेड पाऊण स्टॉप कमी केला की चाकं बुडतात. प्रकाश मागून घेऊनही सुंदर फोटो निघतो, ढगाच्या कडा पेटल्यासारख्या दिसतात. पण त्याला आधी ढग लागतो.

तो नव्हता, आणि त्याला थंडी नसण्यापेक्षा मोठं कारण होतं. गाडीला तीन डबे आणि शेपटीला डिझेल इंजिन. शेपटीला डिझेल असतं, मान्य; चांगले आयोजक ते हलका ब्रेक लावून ओढत ठेवतात, म्हणजे वाफेच्या इंजिनाला खरंच जोर लावावा लागतो आणि धुराड्यातून ठोके ऐकू येतात. इथे उलटं. डिझेल मागून ढकलत होतं आणि वाफेचं इंजिन रेग्युलेटर मिटून घरंगळत होतं. सिलिंडरमध्ये वाफ गेली नाही तर ती धुराड्यातून येणार कुठून? दोन्ही फेऱ्यांत ब्लोअरची, म्हणजे आग फुलवायला धुराड्यात सोडलेल्या वाफेची, एक बारीक धुसर रेघ, बस. इंजिनात कोळसा घालणाऱ्या फायरमनला दोष देत नाही. त्याने विचारलंही होतं की समोरून जाताना धूर हवा का, म्हणजे आधी मिनिटभर दोन फावडे कोळसा टाकतो. समन्वयकांनी 'नको, प्रदूषण दिसेल' असं सांगितलं. वाफगाडीच्या फोटो चार्टरवर! हे लिहिताना मी पेन खाली ठेवून पुन्हा उचललं आहे.

आता १९३९. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर शहरांतली मुलं गावाकडे हलवायला ब्रिटनने १ सप्टेंबर १९३९ रोजी सुरुवात केली, हाच तुमच्या सहलीचा विषय. टेंडरवर, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्यावर, मात्र ब्रिटिश रेल्वेचं १९५६ नंतरचं चिन्ह. ब्रिटिश रेल्वे जन्मलीच १ जानेवारी १९४८ ला. डबे त्याच रेल्वेचे, मार्क वन प्रकारचे, म्हणजे १९५१ पासूनचे. इंजिन रंगवून द्या असं कोणी म्हणत नाही, जुने डबे प्रत्येक मार्गावर नसतात हेही कळतं. पण सामानाची ढकलगाडी टेंडरसमोर उभी केली की चिन्ह झाकतं, डब्यांसमोर माणसं उभी केली की डबे झाकतात. दोन मिनिटांचं काम. हेडलॅम्पचंही तेच. इंजिनाच्या पुढच्या दोन्ही बफरांवर, म्हणजे धक्के झेलणाऱ्या दट्ट्यांवर, एकेक दिवा लावला होता, म्हणजे एक्स्प्रेस. गावोगाव थांबत मुलं उतरवणाऱ्या गाडीला धुराड्याच्या बुंध्याशी एकच दिवा हवा. दिवा उचलून वर ठेवायचा होता, इतकंच.

वेशभूषेतली मंडळी तिथल्या हौशी गटाची होती आणि दिवसभरात काही नीट झालं असेल तर ते त्यांच्यामुळे. कोट, टोप्या, दोरीने गळ्यात अडकवलेले गॅस मास्कचे पुठ्ठ्याचे खोके, सगळं अचूक. आपलं काम त्यांना माहीत होतं. त्यात तुमच्या कंपनीची भर काय, तर मुलांच्या कोटांना बांधायच्या चिठ्ठ्या. त्या तुम्ही छापून आणल्या होत्या, कॉमिक सॅन्समध्ये. हा टाइप १९९४ चा आहे. पुढच्या रांगेतल्या सात वर्षांच्या मुलीच्या छातीवर तो फोकसमध्ये स्पष्ट वाचता येतो. वर तुमच्या समन्वयकांनी मुलांना 'मास्क तोंडाला लावा, मजा येईल' असं सांगितलं. त्या काळच्या अनेक मास्कच्या फिल्टरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं; असा जुना मास्क तोंडाला लावायचा नसतो, खोकं बंदच ठेवायचं असतं. गटातल्या बाईंनी ठाम नकार दिला म्हणून बरं. त्यांना तरी लेखी माफीनामा पाठवा.

आणि ते पिवळं जॅकेट. रुळांलगत चकाकतं जॅकेट घालणं नियमच आहे, आम्हीही घातलं होतं. म्हणून तर सुरक्षेचा माणूस फोटोग्राफरांच्या रांगेमागे उभा राहतो. तुमचा माणूस दोन्ही फेऱ्यांत इंजिनाच्या पुढच्या बफरापासून दहा पावलांवर, फ्रेमच्या मधोमध उभा होता आणि मोबाइलवर गाडीचा व्हिडिओ काढत होता. पहिल्या फेरीनंतर बारा जणांनी हात हलवून सांगितलं. दुसऱ्या फेरीला तो एक पाऊल पुढे आला.

रात्रीच्या सत्राबद्दल थोडक्यात. उभ्या इंजिनासमोर सहा-सात सेकंदांचं एक्स्पोजर, माणसांनी तेवढा वेळ पुतळ्यासारखं थांबायचं, एवढाच मामला. एक्स्पोजर सुरू असताना समन्वयक फ्रेममधून चहा वाटत फिरले. ब्लॅकआउटच्या, म्हणजे रात्री दिवे झाकायच्या काळात उघड्या फायरबॉक्सची, म्हणजे भट्टीची, झळाळी दाखवू नये, ड्रायव्हरच्या कॅबला ताडपत्री लावत, हे मला ठाऊक आहे. पण तेवढा कर्मठ मी नाही, ती झळाळी फोटोला हवीच असते. प्लॅटफॉर्मवरचा थंड पेयांचा उजळलेला फ्रिज मात्र बंद करता आला असता. त्याचा प्लग भिंतीला होता.

आता तो फोन. तुमच्याकडे संभाषणं रेकॉर्ड होतात म्हणे, तेव्हा पडताळून बघा.

'सर, गाडी आली होती ना?'
'आली होती.'
'इंजिन वाफेचंच होतं ना सर?'
'होतं.'
'मग सर, सर्व्हिस तर मिळाली.'

मी डिझेलचं सांगितलं, रेग्युलेटरचं सांगितलं, सूर्याचं सांगितलं. त्यांनी 'एक मिनिट सर' म्हणून अकरा मिनिटं थांबवलं. त्या अकरा मिनिटांत तुमची जाहिरात वाजत होती आणि जाहिरातीत इंजिनाची शिट्टी. माझ्या कॅमेऱ्यासमोर त्या दिवशी जी एकदाही वाजली नाही, ती कानात सतरा वेळा वाजली. मग परत आले.

'सर, सीनिअरशी बोललो. वाफ नव्हती याचे फोटो पाठवाल का?'

नसलेल्या वाफेचे फोटो! मी म्हटलं, पाठवलेले सगळे फोटो त्याचेच आहेत. पुन्हा 'एक मिनिट सर', पुन्हा शिट्टी. आणि मग ते वाक्य, ज्यामुळे हे पत्र लिहितो आहे:

'सर, सीनिअर म्हणतात वाफ नंतर टाकता येते. हल्ली ॲपमध्ये असतं.'

हे सीनिअर कोण, मला खरंच बघायचं आहे. खरा ढग डब्यांच्या छतावर सावली टाकतो, वारा असेल तिकडे वळतो, सूर्याच्या बाजूने पांढरा आणि पोटातून करडा असतो. तो नंतर चिकटवला तर पहिल्या नजरेला कळतं. आणि वाफ ॲपमधून घ्यायची, १९३९ ॲपमधून घ्यायचं, पिवळं जॅकेट ॲपने पुसायचं, तर इंजिनही ॲपमधूनच घेतो की. मग तुम्ही नेमके कशाचे पैसे घेता? नाश्त्याचे?

शांतपणे लिहायचं ठरवलं होतं. तुमच्या कंपनीवर एके काळी विश्वास होता, दोन मित्रांना मीच तुमचं नाव सुचवलं. आता त्यांना काय तोंड दाखवू ते कळत नाही.

मागण्या अशा. न झालेल्या चार रनपास्टचा हिस्सा परत. झालेल्या दोनचाही, कारण मागून डिझेल ढकलत असेल तर तो रनपास्ट नसतो, हे मी आता तिसऱ्यांदा लिहितो आहे. रात्रीच्या सत्राचं शुल्क परत. माहितीपत्रकातून 'फोटो चार्टर' हे शब्द काढा, किंवा ते काय असतं हे माहीत असलेला एक तरी माणूस नेमा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक आयोगाकडे जातोय. बाराही जणांच्या सह्या तयार आहेत आणि चोवीस फोटो जोडले आहेत. चोवीसही फोटोंत पिवळं जॅकेट आहे.

बुकिंगमधला सातवा प्रवासी

ता. क. वाफ नसल्याचा पुरावा म्हणून फोटो क्रमांक ९ बघावा. धुराड्यावर एक कावळा आरामात बसला आहे. गाडी चालू असताना.