पहिल्या घराच्या आदल्या रात्री

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

गेलेल्या माणसाच्या घरातलं सामान घरच्यांसाठी विकून द्यायचं हे आपलं काम, आणि उद्या तू एकटीनं पहिलं घर हाती घेतेस. किमतीच्या चिठ्ठ्या कशा लावायच्या, शेवटच्या दिवशी निम्म्या भावावर कधी यायचं, हे तुला येतं. त्याबद्दल लिहीत नाही.

कुलूप काढशील तेव्हा ते माणूस आत्ताच उठून शेजारच्या खोलीत गेलंय असं वाटेल. चष्मा उघडाच असतो, विणकाम सुईवर तसंच असतं. कंगव्यात केस असतात. इतकी वर्षं झाली, पण तो कंगवा उचलताना माझा हात अजून थांबतो. तुझाही थांबला तर थांबू दे.

प्रत्येक खिसा चाचप, प्रत्येक पुस्तक झटक. नोटा निघतात तशी पत्रं आणि फोटोही निघतात. ते विक्रीला मांडायचे नाहीत. घरचे ‘टाकून द्या’ म्हणाले तरी खोक्यात भरून बाजूला ठेव. एका मुलानं असं खोकं नाकारलं होतं, आणि आठ महिन्यांनी त्याचाच फोन आला, ‘ते अजून आहे का हो?’ माझ्या कपाटात होतं.

सगळ्यात अवघड असतं भाव सांगणं. बारा जणांचा चिनी मातीचा सेट, जड लाकडी कपाट, पियानो. ‘हे फार मोलाचं आहे’ असं मुलांनी लहानपणापासून ऐकलेलं असतं, आणि आज त्याला गिऱ्हाईक मिळत नाही. तू आकडा बोलतेस, त्यांना मात्र आईची किंमत केल्यासारखं वाटतं. काहनेमन, नेच आणि थेलर या तीन संशोधकांचा १९९० सालचा एक प्रयोग आहे. ज्यांना साधा मग दिला, ते तो विकताना, विकत घेणारे जितके द्यायला तयार होते त्याच्या साधारण दुप्पट किंमत मागत होते. तो मग नुकताच हातात आलेला. इथे तर चाळीस वर्षं पुसून ठेवलेली बशी आहे. म्हणून आधी विचार, ‘हा सेट केव्हा काढायचे?’ मग वही मिटून ऐक. माझा या कामात खूप वेळ जातो, आणि तो वाया गेला असं मला कधीच वाटलं नाही.

विक्रीच्या दिवशी घरच्यांना थांबू देऊ नकोस. मी एकदा एका मुलीला थांबू दिलं. तिच्या आईचा कोट हातात धरून एक जण म्हणाला, ‘वास येतोय, कमी करा.’ मी सुटे पैसे मोजत होते. तिनं कोट ओढून घेतला आणि जिन्यात जाऊन बसली. ती चूक माझी होती. तिच्या तोंडावर तसं म्हणायला हवं होतं, ते राहून गेलं.

घर रिकामं झालं की दाराच्या चौकटी बघ. मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा असतील तर फोटो काढून घरच्यांना पाठव.

रात्री पोचलीस की आधी जेव, मग फोन कर. हिशेब परवा सांग. उद्या मला त्या घरातल्या बाईंबद्दल ऐकायचंय.

तुझी,
आई