हलकी चाकं घेण्याआधी भेग तपासा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात माझ्या बहिणीनं बँकेतली ठेव मोडायला काढली. कशाला, म्हणून विचारलं तर भाच्याच्या रेसच्या मोटरसायकलला मॅग्नेशियमची हलकी चाकं घ्यायची होती. माझं उद्यमनगरात मशीन शॉप आहे, तीस वर्षं कास्टिंग हाताळतोय. भाच्याच्या रेसिंगला घरातून पहिला पाठिंबा माझाच होता. म्हणूनच हे लिहितोय. कोल्हापूर-पुण्याची बरीच पोरं आज या खेळात आहेत आणि त्यांच्या आईवडिलांपुढं हाच प्रश्न येणार आहे.

‘चाकातला एक किलो म्हणजे गाडीतले दहा किलो’ असं कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. मी खडू घेतला आणि शॉपच्या फरशीवरच हिशेब मांडला. 17 इंची रिमचा व्यास 432 मिलिमीटर. त्यावर 110/70चा (म्हणजे 110 मिलिमीटर रुंद आणि रुंदीच्या 70 टक्के उंच) टायर चढवला की बाहेरून साधारण 586. रिमवरचा एक किलो पुढं ढकलावा लागतो तसा फिरवावाही लागतो, पण या मापांवर दोन्ही मिळून तो दीड किलोच्या आसपास भरतो. हबजवळचा, म्हणजे चाकाच्या मध्याजवळचा, त्याहून कमी. दोन्ही चाकांत मिळून दोन किलो वाचले तर वेग पकडताना तीन किलो वाचल्यासारखं होतं. गाडी आणि तो मिळून सव्वादोनशे किलो, म्हणजे फायदा सव्वा टक्क्याच्या जरासा वर. टायर सगळ्यात बाहेर असतो, त्यामुळं तिथले ग्रॅम रिमपेक्षा जास्त मोलाचे, हे मात्र कोणी सांगत नाही.

म्हणून हलकी चाकं थोतांड आहेत असं मी म्हणणार नाही. त्यांचा खरा गुण सरळ रस्त्यावर नाही, वळणावर आहे. भाच्याला पुढचं चाक काढून अक्षाची दोन टोकं दोन्ही हातांत धरायला लावली, चाक जोरात फिरवलं आणि म्हटलं, आता डावीकडं कलव. त्याचे दंड थरथरले, कारण फिरतं चाक कलायला विरोध करतं. ताशी 150 किलोमीटरला तेच चाक मिनिटाला साडेतेराशे फेरे घेतं. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर 3.7 किलोमीटरच्या एका लॅपमध्ये, म्हणजे फेरीत, 12 वळणं आहेत. दर वळणाला गाडी कलवायची आणि परत उभी करायची. चाक हलकं असेल तर हात कमी दुखतात, आणि खडबडीत जागी सस्पेन्शन चाकाला रस्त्याला जास्त चिकटवून ठेवतं. पण त्यासाठी सस्पेन्शनही नव्यानं बसवून घ्यावं लागतं. जुन्याच सेटिंगवर नुसती चाकं बदलून बराच फायदा वाया जातो.

आता चाकांची गोष्ट. परदेशी मोठ्या गाडीवरून उतरलेली, नवा काळा रंग मारलेली जोडी होती. आपल्या गाडीच्या मापाला जुळवायला बुश आणि स्पेसर (मधल्या कड्या) करून बसवायची. विकणाऱ्यानं 15 हजार अनामत घेऊन बघायला दिली. हातात घेतली तर खरंच फुलासारखी. मॅग्नेशियम आकारमानाला आकारमान धरलं तर ॲल्युमिनियमपेक्षा सुमारे 35 टक्के हलकं. पण रंग इतका ताजा का, हे मनात खटकलं. ब्रेक डिस्कच्या बोल्टभोवतीचा रंग काढला तर खाली पांढरी पूड. पोलादी बोल्ट आणि मॅग्नेशियम यांच्यामध्ये पाणी शिरलं की मॅग्नेशियम खाल्लं जातं, तीच ती पूड. मग सगळाच रंग उतरवला, भेगेत शिरणारी लाल डाय मारली, पंधरा मिनिटं मुरू दिली, पुसली आणि भेगेतली डाय वर ओढणारा पांढरा डेव्हलपर फवारला. मागच्या चाकाच्या एका आऱ्याच्या मुळाशी केसासारखी लाल रेघ उमटली. बघता बघता ती दोन सेंटिमीटर झाली. भाचा शेजारीच उभा होता, एक शब्द बोलला नाही. चाकं परत गेली, अनामत परत आली नाही. माझ्या लेखी ते पैसे स्वस्तातच गेले.

ठेव बहिणीनं परत ठेवली. त्यातल्या थोड्या पैशांत नवे टायर घेतले, पुढच्या सस्पेन्शनचं तेल आणि सील बदलले आणि नऊशेहून जास्त किलोमीटर लांब त्या चेन्नईजवळच्या ट्रॅकवर जाऊन दोन दिवस सराव केला. त्याच जुन्या चाकांवर त्याची लॅप सव्वा सेकंदानं कमी झाली. चाकं घ्यायचीच तर टायर, सस्पेन्शन, ब्रेक आणि सराव यांतून जे मिळायचं ते मिळाल्यावर घ्या, आणि घ्याल तर बनवणाऱ्या कंपनीचा कागद असलेली, फोर्ज्ड, म्हणजे ओतलेली नव्हे तर दाबून घडवलेली. त्याआधी आपल्या गटाची नियमावली वाचा. बऱ्याच गटांत कंपनीचीच चाकं ठेवावी लागतात. मोटोजीपी या मोटरसायकलच्या जागतिक स्पर्धेतसुद्धा कार्बनच्या चाकांना परवानगी नाही. एवढा खर्च करून गाडी तांत्रिक तपासणीत बाद झाली तर पोराचं मन मोडतं.

माझी विनंती स्पर्धा भरवणाऱ्यांना आहे. वापरलेली मॅग्नेशियमची चाकं लावून कोणी आलं तर रंग काढून भेगतपासणी केल्याचा दाखला मागा. क्लीनर, डाय आणि डेव्हलपर असे तीन डबे आणि तासाभराचं काम आहे. आमच्याकडं पंपाच्या कास्टिंगला जी तपासणी लागते, ती ताशी दीडशेनं धावणाऱ्या पोराच्या चाकाला लागायलाच हवी. कोल्हापुरातली कोणतीही रेसची पोरं चाकं घेऊन आली, तर ही तपासणी मी माझ्या शॉपमध्ये विनामूल्य करून देईन.

आपला,
एक मशीन शॉपवाला,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर