मुक्ताला पत्र: पहिला सर्फबोर्ड कुठला घ्यावा

मॅनली, सिडनी

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि बोर्डाचे फोटो मिळाले. आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. तो सहा फुटी बोर्ड घेऊ नकोस. देखणा आहे आणि भावही वाजवी आहे, पण तो तुझ्या कामाचा नाही. गोव्याच्या आणि आपल्या रत्नागिरीच्या भाट्याच्या लाटांसाठी तर मुळीच नाही.

बोर्डाच्या पोटाला, मधल्या लाकडी पट्टीशेजारी पेन्सिलीने लिहिलेले आकडे फोटोत दिसतात: लांबी सहा फूट, रुंदी पावणेएकोणीस इंच, जाडी २ ३/८ इंच. या मापाचा बोर्ड अठ्ठावीस लिटरच्या आसपास भरतो. कर्नाटकात मुल्कीला तू ज्या आठ फुटी मऊ बोर्डावर शिकलीस, तसे बोर्ड सत्तर-ऐंशी लिटरचे असतात. म्हणजे एका उडीत तरंगण्याची ताकद निम्म्याहूनही खाली. पहिला बोर्ड घेणारे सगळ्यात जास्त इथेच फसतात. स्पर्धेत बघितलेला बोर्ड डोळ्यांत भरलेला असतो, आणि तो चालवणारी माणसं रोज पाण्यात असतात याचा विसर पडतो.

लिटरचा हिशोब सोपा आहे. एक लिटर बोर्ड पूर्ण बुडाला की साधारण एक किलो वजन तोलतो. पोहताना आपलं शरीर स्वतःच जवळजवळ तरंगतं, पण बोर्डावर पालथं पडलं की छाती, डोकं, पाठ पाण्याबाहेर येतात आणि तो भार बोर्डावर पडतो. लिटर कमी असले की बोर्ड खाली दबतो, छाती पाणी ढकलत राहते आणि हात कितीही मारले तरी वेग येत नाही. मग लाटेवर चढायला उशीर होतो. ती उभी झाल्यावर तू तिच्या माथ्यावर पोचतेस, बोर्डाचं नाक पाण्यात घुसतं आणि तू पुढे फेकली जातेस. अशा वेळी वाटतं की आपलं उभं राहणं चुकलं. खरं तर चूक त्याच्या चार सेकंद आधीच, वेगात झालेली असते.

न फुटलेली लाट पकडता येते आणि डावी-उजवीकडे तिरकं जाता येतं, पण वळण अजून जमत नाही, अशा टप्प्यावर किलोमध्ये जेवढं वजन तेवढेच लिटर किंवा थोडे कमी, हा अंदाज चांगला चालतो. तुझं वजन चोपन्न, म्हणजे पंचेचाळीस ते चोपन्न लिटर. मापात सांगायचं तर ७ फूट २ इंच लांब, सव्वाएकवीस इंच रुंद आणि २ ५/८ इंच जाड; हा पंचेचाळीसच्या जवळपास जातो. किंवा साडेसात फूट, पावणेबावीस इंच रुंद, पावणेतीन इंच जाड. हा पन्नासच्या वर. इथल्या दुकानांत या घराण्याला मिनी-मॅल म्हणतात, जरा गोलसर असेल तर एग. मी असते तर साडेसात फुटी घेतला असता. तुला महिन्यातून दोनदाच पाण्यात उतरता येतं, तेव्हा पाच लिटर जास्त असलेले कधीही बरे.

इथला समुद्र आणि तिकडचा समुद्र यांत फरक आहे, तोही हिशोबात धर. सिडनीच्या किनाऱ्यावर दूरच्या वादळातून आलेल्या लाटा दहा-बारा सेकंदांच्या अंतराने येतात, त्यांच्यात रेटा असतो, छोटा बोर्डही त्या ढकलून नेतात. आपल्याकडे दिवाळीनंतर समुद्र शांत होतो. गुडघा-मांडीएवढी लाट, तीही जवळच्या वाऱ्याने उठलेली, एकामागून एक घाईने येणारी. तिच्यात जोर कमी, म्हणून जोर बोर्डाच्या क्षेत्रफळातून काढायचा. एप्रिल-मेमध्ये दक्षिणेकडून लांबच्या लाटा यायला लागतात तेव्हाही साडेसात फुटी बोर्ड छान चालतो. जून ते सप्टेंबर तो घरातच राहील असं धरून चाल. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर होड्याही यांत्रिक मासेमारीला जात नाहीत. त्या दिवसांत मुल्कीच्या शिक्षकांबरोबर सोडून कुठेही पाण्यात उतरायचं नाही. गणपतीपुळ्याच्या पाण्याला किती ओढ असते ते तर तुला मी सांगायला नको.

लिटर जुळले म्हणून बोर्ड जुळला असं मात्र नाही. तेच पंचेचाळीस लिटर अरुंद आणि जाड बोर्डात भरले तर तो डुगडुगतो, रुंद आणि बेताच्या जाडीत भरले तर पायाखाली स्थिर वाटतो. बोर्ड जमिनीवर ठेव आणि बाजूने डोळा लावून बघ. नाक किती वर उचललंय? नाकाचा बाक जास्त असेल तर उभ्या लाटेत ते घुसत नाही, पण लहान लाटेत तोच बाक पाणी ढकलत बसतो. तुला मधला भाग सपाट आणि नाकाशीच थोडा बाक असलेला हवा. मग कडेवरून हात फिरव. इथे त्या कडांना रेल म्हणतात. मधल्या भागात त्या गोल, भरीव असाव्यात. फक्त शेवटच्या दीड-दोन फुटांत खालची धार जरा तीक्ष्ण झाली की वळताना पकड मिळते. पूर्ण लांबीभर पातळ, धारदार कड असलेला बोर्ड जरा चुकलीस की पाण्यात रुततो. शेपूट गोल की चौकोनी, यावर लोक तासन्तास बोलतात. तुझ्यासाठी दोन्ही चालेल.

आता बोर्ड कशाचा बनलाय ते. यात रत्नागिरीत राहण्याचा थेट संबंध येतो. जुन्या पद्धतीचा बोर्ड म्हणजे आत पॉलियुरेथेन फोम, वर फायबर ग्लासचं कापड आणि पॉलिएस्टर रेझिन. दुसरा प्रकार म्हणजे आत थर्माकोलच्या जातीचा फोम, ज्याला ईपीएस म्हणतात, आणि वर इपॉक्सी. इपॉक्सीचा बोर्ड हलका असतो, आपटला तरी लवकर फुटत नाही, जास्त तरंगतो. वाचून वाटेल की हाच घ्यावा. पण तो फुटला की दुरुस्त कोण करणार? मिरकरवाड्याला फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे कारागीर वापरतात ते बहुतेक पॉलिएस्टर रेझिनच. ते ईपीएसवर ओतलं की फोम डोळ्यांदेखत विरघळतो आणि बोटाएवढ्या भोकाची मूठभर पोकळी होते. पॉलियुरेथेनच्या बोर्डावर मात्र तेच रेझिन चालतं. फक्त कारागिराला सांग की होडीला लावतात ती जाड मॅट नको, विणलेलं पातळ कापड लाव, चार औंसांचं. नाहीतर दुरुस्तीच बोर्डापेक्षा जड होते. म्हणून माझं मत पॉलियुरेथेनकडे. इपॉक्सीचाच चांगला मिळाला तर घे, पण सोबत इपॉक्सीचा दुरुस्ती-संचही घे आणि बोर्ड होडीवाल्याच्या हाती देऊ नकोस.

पूर्ण मऊ बोर्डाचाही तू विचार करते आहेस. गर्दीच्या किनाऱ्यावर तो सुरक्षित, हे खरं. पण त्याच्या कडा जाड असतात, वळण शिकायला लागलीस की तो हाताशी येत नाही. उन्हात वरचा थर सुटतो, आत पाणी शिरलं की ते निघत नाही. भाड्याने घ्यायला उत्तम, पैसे घालून विकत घ्यायला नाही.

नवा घ्यायचा हट्ट धरू नकोस. पहिल्या बोर्डाला ओरखडे पडणारच. सर्फिंग शिकवणाऱ्यांकडे मेअखेर, हंगाम संपताना, जुने बोर्ड विकायचे आहेत का ते विचारून ठेव. फक्त न बघता पैसे देऊ नकोस. बघायला गेलीस की सगळ्यात आधी वरचं वॅक्स, म्हणजे पाय घसरू नये म्हणून घासलेलं मेण, काढायला सांग. वॅक्सखाली भेगा लपतात. मग दोन्ही अंगठ्यांनी पृष्ठभाग दाबत जा, विशेषतः मागचा पाय जिथे पडतो तिथे. टाचांचे उथळ खळगे असतील तर चिंता नाही, ते सगळ्याच बोर्डांना पडतात. पण अंगठ्याखाली पृष्ठभाग आत-बाहेर होत असेल तर कापड फोमपासून सुटलंय, आणि ते पसरत जातं. बोटाच्या पेराने टकटक करत जा. जिथे आवाज बसका आणि पोकळ येतो तिथे गडबड आहे. बोर्ड उलटा करून फिनच्या, म्हणजे शेपटीखालच्या परांच्या, खाचांभोवती केसासारख्या भेगा शोध. तिथून पाणी सर्वात आधी शिरतं. पिवळट सगळेच जुने बोर्ड होतात, त्याने बिघडत नाही. पण एकाच ठिकाणी तपकिरी डाग आणि शेजारी भेग असेल तर तिथे पाणी मुरलंय. शेवटी नाकाशी डोळा लावून मधली लाकडी पट्टी शेपटीपर्यंत बघ. बोर्डावर आडवी सुरकुती किंवा दुमड दिसली तर तो एकदा मोडता मोडता वाचलेला आहे. तो कितीही स्वस्त असला तरी परत ठेव.

फिन तीन असाव्यात. तीन फिनची ही मांडणी इथल्याच नॅराबीनच्या सायमन अँडरसनने १९८१ मध्ये स्पर्धा जिंकून जगाला पटवली, आणि आजही शिकणाऱ्याला तीच सगळ्यात सोपी जाते. खाचा एफसीएस कंपनीच्या आहेत की फ्यूचर्स कंपनीच्या ते विचार, कारण एकाची फिन दुसऱ्यात बसत नाही. तुझ्या वजनाला स्मॉल माप पुरे. स्क्रू असतील तर त्यांची षटकोनी चावी ३/३२ इंचाची असते, दोन घेऊन ठेव, एक हरवतेच. स्क्रू हातानेच घट्ट कर, जोर लावलास तर खाच तडकते.

लीश, म्हणजे बोर्ड घोट्याशी जोडून ठेवणारी लवचीक वादी, बोर्डाएवढी किंवा किंचित लांब, साडेसात फुटी बोर्डाला आठ फुटी, जाडी सात मिलिमीटर. लीश बोर्डाला बांधायची छोटी दोरी बेताची ठेव. लांब राहिली आणि बोर्डाच्या कडेवर आली, तर पडल्यावर लीश ताणली की ती दोरी करवतीसारखी शेपूट कापते. कडेवर नेहमी रुंद कापडी पट्टीच यायला हवी. जुनी लीश बोर्डाबरोबर फुकट मिळाली तरी वापरू नकोस, नवी घे. तुटलेल्या लीशचा बोर्ड दुसऱ्याच्या डोक्यात जातो.

वॅक्स पाण्याच्या तापमानाप्रमाणे मिळतं. आपल्याकडचं पाणी वर्षभर पंचवीस अंशांच्या वरच असतं, तेव्हा ट्रॉपिकल लिहिलेलंच घे. इथलं थंड पाण्याचं वॅक्स मी पाठवलं तर तिकडे त्याचं लोणी होईल. आधी कडक बेसकोट छोट्या गोलाकारात घासायचा, दाणे उठेपर्यंत, मग वरून मऊ थर. काढताना बोर्ड पाच मिनिटं उन्हात धर, प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवड, उरलेला चिकटपणा खोबरेल तेलाने निघतो. नंतर साबणाने नीट धू, नाहीतर नवं वॅक्स बसणार नाही.

ने-आण हा खरा प्रश्न आहे. कोकण रेल्वेच्या डब्यात बर्थ सहा फुटांची, बोर्ड साडेसात फुटांचा. पार्सलच्या डब्यात टाकलास तर नाक शाबूत येईल याची खात्री नाही. मुल्कीला ठेवायची सोय होत असेल तर तिथेच ठेव आणि फक्त फिन आणि लीश घरी आण. बाबांच्या गाडीच्या टपावरून न्यायचा झाला तर वॅक्सची बाजू खाली, फिनची बाजू पुढे आणि वर. खाली जाड चादरीची घडी, आणि दोन रुंद पट्टे. पट्टा हाताने ओढून बसेल इतकाच आवळायचा, रॅचेट लावून नाही, कडा चिरतात. बंद गाडीत दुपारी ठेवलास तर उष्णतेने कापड फोमपासून सुटतं, इपॉक्सीचा तर आधी. काही इपॉक्सी बोर्डांना हवा सोडायचा छोटा स्क्रू असतो. प्रवासात तो उघडायचा आणि पाण्यात जाण्यापूर्वी आठवणीने बंद करायचा.

घरी मागच्या पडवीत, जिथे ऊन येत नाही तिथे, भिंतीला दोन लाकडी खुंट्या ठोकून त्यांवर आडवा ठेव. खुंट्यांना जुनं कापड गुंडाळ. पावसाळ्यात पिशवीत भरून ठेवू नकोस, बुरशी येईल. भेग पडलेली असेल तर ती बाजू खाली करून पंख्याखाली पाणी गळू दे, आणि फोम पूर्ण सुकेपर्यंत रेझिन लावायची घाई करू नकोस, पाऊस चालू असेल तर आठवडा लागला तरी. ओलावर बंद केलेली भेग आतून सडते.

आईला सांग, बोर्ड जड म्हणून काळजी करू नकोस, साडेसात फुटी बोर्ड चार-पाच किलोच भरतो, तुला काखेत धरून नेता येईल. बोर्डाचे निम्मे पैसे मी पाठवते. पुढचा बोर्ड बघशील तेव्हा मला चार फोटो धाड: पोटाकडचे पेन्सिलीचे आकडे, फिनच्या खाचा जवळून, बाजूने घेतलेला अख्खा बोर्ड, आणि वॅक्स काढल्यावरची वरची बाजू. ते बघेपर्यंत विसार देऊ नकोस.

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

तुझी,
ताई