दागिन्याची मोड आणि घड्याळाचा भाव

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

'भारी घड्याळ विकताना पैसे सुटतात, दागिना विकताना निम्मे बुडतात' असा सरसकट निकाल आपल्या रविवार पुरवणीतल्या लेखात दिला आहे. त्यातला विक्रीच्या टक्केवारीचा तक्ता कापून घेऊन लोक माझ्यासमोर ठेवू लागले, म्हणून हे पत्र. जुने दागिने आणि घड्याळे भिंगाखाली घेऊन विकताना त्यांचे किती येतील ते सांगणे, हे माझे रोजचे काम आहे. लेखातले आकडे चुकीचे आहेत असे मी म्हणत नाही. तुलनाच जमलेली नाही.

तक्त्यात घड्याळे कोणती घेतली? रोलेक्सची डेटोना आणि सबमरीनर, पाटेक फिलिपचे नॉटिलस, ओडेमार पिगेचे रॉयल ओक. दागिने कोणते? नुसती 'हिऱ्याची अंगठी' आणि 'सोन्याचा हार'. म्हणजे एका शाळेतले पहिले चार नंबर आणि दुसऱ्या शाळेची सरासरी! स्विस घड्याळांच्या त्याच काचेच्या कपाटात आणखी कितीतरी महागडी नावे असतात. त्यांतली बरीचशी दुकानाबाहेर पडली की लगेच उतरतात, आणि त्यांचा तक्त्यात पत्ताच नाही.

माझ्याकडे वरचेवर येणारा एक नमुना सांगते. बायकांचे नाजूक सोन्याचे घड्याळ, १९८० च्या आसपासचे, आत क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवर चालणारे यंत्र. नाव चांगले, डबी जपून ठेवलेली. मागचे झाकण उघडले की आतल्या बाजूला ७५० चा छाप दिसतो, म्हणजे १८ कॅरेट. यंत्र बंद, त्याचे सुटे भाग आता मिळत नाहीत. घेणारा यंत्र काढतो, काच काढतो, पट्ट्यातल्या पोलादी पिना काढतो आणि उरलेले तराजूवर टाकतो. घड्याळ म्हणून त्याला गिऱ्हाईक नाही, सोने म्हणून आहे. अशा किती केसेस, म्हणजे घड्याळांची सोन्याची कवचे, मुशीत गेल्या असतील कोण जाणे. सोन्याचा भाव चढला की त्या आणखी जातात.

मग पोलादाचे नॉटिलस एवढा भाव का घेते? ५७११ हा संदर्भ क्रमांक सांगितला की जगात कुठल्याही व्यापाऱ्याला ते डोळ्यांसमोर दिसते. वस्तू काय आहे हे ठरवण्यात वेळ जात नाही. अस्सल आहे का, तबकडी मूळची आहे का, डबी-कागदपत्रे आहेत का, आणि केस पॉलिश केली आहे का, एवढेच पाहायचे. शेवटचा प्रश्न लोकांना पटतच नाही. विकायच्या आधी घड्याळ झकास चकचकीत करून आणतात, आणि तिथेच भाव पडतो. पट्टा जिथे अडकतो त्या शिंगांची धार पॉलिशने गोल होते. जाणकार तबकडीच्या आधी ती धार पाहतो. साधा सोन्याचा दागिना मात्र धुऊन-पुसून आणावा, त्याचे काही बिघडत नाही.

दागिन्याला असा क्रमांक नसतो. प्रत्येक नग पहिल्यापासून तपासावा लागतो. सोन्याचा कस छापावरून कळेल, पण डाक लावून जोडलेल्या जागी तो कमी भरतो. कोंदणातला हिरा सुटा तोलता येत नाही. मोजमापावरून त्याचा अंदाज बांधायचा. पिवळ्या सोन्यात बसवलेल्या हिऱ्यातली पिवळसर झाक सहज लपते. रंग खुलवायला माणिक तापवलेले आहे का, भेगा लपवायला पाचूत तेल भरले आहे का, हे प्रयोगशाळेच्या दाखल्याशिवाय कोणी छातीठोकपणे सांगू नये. जिथे जिथे शंका, तिथे तिथे घेणारा किंमत खाली आणतो, आणि धंद्याच्या दृष्टीने त्याचे काही चुकत नाही. घडणावळ तर विकताना धरतच नाहीत. बारीक हिऱ्यांचे म्हणाल, तर खरेदीच्या बिलात त्यांचे एकूण वजन लावून रीतसर पैसे घेतलेले असतात. विकताना मात्र ते काढण्याची मजुरीच परवडत नाही म्हणून बहुतेक ठिकाणी त्यांचे शून्य.

प्रयोगशाळेत बनवलेल्या हिऱ्यांची अवस्था आणखी वाईट. २०१८ मध्ये डी बीअर्स या हिऱ्यांच्या मोठ्या कंपनीने लाइटबॉक्स नावाने ते कॅरेटला ८०० डॉलर या भावाने आणले, तेव्हा तो भाव स्वस्त वाटला होता. भाव घसरत गेले आणि २०२५ मध्ये कंपनीने तो विभागच बंद करायचे ठरवले.

एवढे वाचून आपला लेखकच बरोबर होता असे वाटेल. पण कार्टिये या फ्रेंच पेढीचे 'लव्ह' हे मनगटातले कडे घ्या. १९६९ मध्ये आल्दो चिपुल्लो यांनी काढलेले, स्क्रूने बंद होणारे. किंवा व्हॅन क्लीफ पेढीचा, चार पाकळ्यांच्या नक्षीचा, १९६८ पासूनचा 'अल्हाम्ब्रा' हार. यांना माप आहे, क्रमांक आहे, पाहताक्षणी ओळख आहे. ते थेट घड्याळासारखेच विकले जातात, सोन्याच्या वजनापेक्षा कितीतरी वर. तेव्हा फरक दागिना की घड्याळ असा नाहीच. कोणती वस्तू बाजाराला आधीच ओळखीची आहे आणि कोणती तपासून घ्यावी लागते, यावर सगळे ठरते.

तक्त्यातली टक्केवारीही जरा उलगडून पाहायला हवी. घड्याळांचा नफा छापील किमतीवर काढला आहे. त्या किमतीला ही घड्याळे मिळतात कोणाला? विक्रेता यादीत नाव लिहून घेतो आणि जुन्या गिऱ्हाइकांना आधी देतो. बाकीच्यांनी ती वापरलेल्यांच्या बाजारातून घेतली. पोलादी ५७११ चे उत्पादन थांबणार हे २०२१ मध्ये जाहीर झाल्यावर तिथला भाव छापील किमतीच्या कितीतरी पट गेला, आणि २०२२ च्या सुरुवातीनंतर घसरला. शिखरावर घेतलेल्यांचा अनुभव त्या टक्केवारीत कुठेच नाही. पोलादाला खाली आधारही नाही; वितळवून हाती काय येणार? सोन्याचे तसे नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते औंसाला ४००० डॉलरच्या पुढे गेले. ज्यांनी दागिना घडणावळीसकट महाग घेतला होता, त्यांच्यातलेही पुष्कळ जण तेव्हा नफ्यात आले.

लिलावाच्या विक्रमांचे दाखले तर वगळलेलेच बरे. हॉलिवूडचे नट पॉल न्यूमन यांची स्वतःची डेटोना २०१७ मध्ये न्यूयॉर्कला १ कोटी ७७ लाख डॉलरला गेली, खरे आहे. पण 'ला पेरेग्रिना' हा मोती नट रिचर्ड बर्टन यांनी १९६९ मध्ये ३७ हजार डॉलरला घेतला होता आणि २०११ मध्ये त्यांच्या पत्नी राहिलेल्या अभिनेत्री एलिझाबेथ टेलर यांच्या संग्रहातून १ कोटी १८ लाखांना विकला गेला. हे पैसे माणसांच्या नावाचे. आपल्या-तुपल्या मनगटाचा नि गळ्याचा त्यात काय संबंध?

एक विनंती. तक्त्यात वापरलेल्या घड्याळांचे भाव संकेतस्थळांवरून घेतलेले दिसतात. ते विकणाऱ्याने मागितलेले भाव आहेत. दागिन्यांचे मात्र दुकानदाराने प्रत्यक्ष देऊ केलेले घेतले आहेत. पुन्हा तक्ता छापलात तर दोन्हीकडे विकणाऱ्याच्या हातात पडलेली रक्कम घ्यावी, आणि घड्याळाच्या बाजूला मधल्या वर्षांतल्या सर्व्हिसिंगचा खर्च वजा करावा. नावे गाळून अशा नोंदी मी देऊ शकेन.

आपली,
एक मूल्यमापक