'डॉक्टर हू'चे हरवलेले भाग

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतील 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेवरचा लेख आवडीने वाचला. पोलिसांच्या निळ्या खोक्यात बसून काळाच्या मागेपुढे प्रवास करणारा डॉक्टर आणि त्याचे वैरी डालेक यांची ओळख लेखकाने चांगली करून दिली आहे. मात्र मालिकेच्या पहिल्या सहा वर्षांतले नव्वदहून अधिक भाग खुद्द बीबीसीपाशीही उरलेले नाहीत, ही गोष्ट लेखातून राहून गेली, म्हणून हे पत्र.

पहिला भाग 23 नोव्हेंबर 1963 रोजी दाखवला गेला. निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट आणि लखनौत जन्मलेले दिग्दर्शक वारिस हुसेन हे दोघेही तेव्हा तिशीच्या आतले होते. त्या काळी व्हिडिओ टेप महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत असे. कलाकारांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे पुनर्प्रक्षेपणावर मर्यादा होत्या. आणि रंगीत दूरचित्रवाणी आल्यावर कृष्णधवल भागांना परदेशातही गिऱ्हाईक उरले नाही. त्यामुळे मूळ टेपा पुसल्या गेल्या आणि परदेशी विक्रीसाठी काढलेल्या 16 मिलिमीटर फिल्मच्या प्रतीही 1970च्या दशकात मोठ्या प्रमाणावर टाकून देण्यात आल्या. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. कपाटे रिकामी करणाऱ्यांनी नेमून दिलेले काम चोख केले, आणि मला त्याचेच अधिक वाईट वाटते.

1966 मध्ये डॉक्टरच्या भूमिकेत विल्यम हार्टनेल यांच्या जागी पॅट्रिक ट्राउटन आले. नायकाचा देहच पालटण्याच्या या युक्तीवर मालिका पुढे इतकी वर्षे टिकली, पण जिथे ती प्रथम घडली तो भाग गेला. चेहरा पालटतानाचे काही क्षण तेवढे वाचले, तेही 'ब्ल्यू पीटर' या मुलांच्या कार्यक्रमात वापरले गेले म्हणून.

सर्वांत हळहळ वाटते ती 1964 सालच्या 'मार्को पोलो' या सात भागांच्या कथेची. त्यातले सहा भाग हुसेन यांनी दिग्दर्शित केले होते. आज सातांपैकी एकही पाहायला मिळत नाही. आवाज मात्र पूर्ण उरला आहे, कारण काही प्रेक्षकांनी तो घरच्या टेपरेकॉर्डरवर मुद्रित करून ठेवला होता. जॉन क्युरा नावाचे एक छायाचित्रकार दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर कॅमेरा लावून कार्यक्रमांची छायाचित्रे काढत आणि ती कलाकारांना व दिग्दर्शकांना विकत. या कथेची त्यांनी काढलेली बहुतेक छायाचित्रे कित्येक वर्षांनी सापडली, ती हुसेन यांच्याच संग्रहात. तो आवाज ऐकत ती छायाचित्रे मी एकेक करून पाहिली आहेत. सुरुवातीला फार नेट धरावा लागतो. पण वाळवंटातल्या वादळाचा प्रसंग येतो, वाळूच्या घोंघावण्यात माणसांचे हाकारे ऐकू आल्यासारखे वाटू लागते, आणि समोरचा स्थिर चेहरा हलल्याचा भास होतो.

काही भाग परतही आले. 1990च्या दशकाच्या आरंभी हाँगकाँगमधून एक चार भागांची कथा सबंध मिळाली, तर नायजेरियातील जोस शहरातून नऊ भाग हाती लागल्याचे 2013 मध्ये जाहीर झाले. कुणीतरी फेकायचे राहून गेलेले ते डबे होते.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, आणि 1980च्या दशकात व्हीसीआर घेतलेल्या अनेक मराठी कुटुंबांनी दूरदर्शनवरची नाटके व मुलाखती मुद्रित केल्या. माझ्या घरी अशा अकरा कॅसेटी निघाल्या. त्यातल्या चारांच्या फितीवर पांढरी बुरशी धरली आहे, आणि दोन कॅसेटींवर काय आहे हे वरच्या चिठ्ठीवर लिहिलेलेच नाही. पुसट चित्राच्या, कडेला फाटलेल्या आवाजाच्या अशा कॅसेटी घर आवरताना सर्वांत आधी रद्दीवाल्याकडे जातात. वाचकांनी त्या टाकण्यापूर्वी निदान एकदा लावून पाहाव्यात, आणि अशी मुद्रणे सुरक्षित कशी ठेवावीत, त्यांच्या प्रती कशा काढून घ्याव्यात, याविषयी जाणकारांकडून एक लेख आपण पुरवणीत लिहवून घ्यावा, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक, ठाणे