शाखामार्गावरच्या त्या स्टेशनातल्या मंडळींचे आभार

तुमच्यापैकी कोणाचंच नाव मला ठाऊक नाही, म्हणून हे आभार जाहीरपणे. फलाट जवळजवळ रुळांच्या पातळीचा, डब्याची पायरी उंच आणि आईचा गुडघा वाकेना. पॉइंट्समनदादांनी कोणी न सांगता स्टूल आणून ठेवलं, दोन सहप्रवाशांनी तिला अलगद वर घेतलं आणि ती नीट बसेपर्यंत गार्डसाहेबांनी हिरवा दिवा दाखवला नाही.

स्टेशनमास्तर, गाडी का थांबली आहे हे तुम्ही तिला किती शांतपणे सांगितलंत! मार्ग एकेरी, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना मिळून एकच रूळ; पुढच्या स्टेशनची संमती मिळाल्याशिवाय यंत्रातून टोकन, म्हणजे चालकाला पुढे जायच्या परवानगीची खूण, निघत नाही आणि एक टोकन बाहेर असताना दुसरं काढताच येत नाही. ते हाती आल्याशिवाय चालक गाडी हलवत नाही. दोन गाड्या समोरासमोर येत नाहीत त्या यामुळे. तिची धास्ती तिथेच ओसरली.

आणि आम्हाला दिसलेही नाहीत ते कीमन, ट्रॅकमन! कडक थंडीत रूळ आकसतो, सांध्याला तडा जाऊ शकतो. तो वेळीच सापडावा म्हणून तुम्ही पायी रुळांवरून फिरता. माझ्या लेखी सर्वांत मोठे आभार तुमचे.