अनामत रक्कम घरमालकाच्या हाती नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

भाडेकरू-घरमालक वादांचा विषय निघाला की चर्चा दोनच ठिकाणी जाऊन थांबते: घर रिकामं न करणारा भाडेकरू आणि मनमानी भाडंवाढ करणारा मालक. हे वाद खरेच आहेत आणि न्यायालयात वर्षानुवर्षं भिजत पडतात. पण मी तेरा वर्षं भाड्याच्या घरांत राहिले आणि गेली सहा वर्षं माझं एक घर भाड्याने दिलेलं आहे. दोन्हीकडून पाहिल्यावर माझं ठाम मत झालं आहे की बहुतेकांचं बिनसतं ते अनामत रकमेवरून, घर सोडण्याच्या दिवशी.

मी तिसरं घर सोडलं तेव्हाची गोष्ट. मालक टॉर्च घेऊनच आले होते. बेडरूममधलं कपाट सरकवलं तर मागची भिंत काळपट पडलेली, बोट लावलं की पोपडा गळून हातात येत होता. ती ओल बाहेरच्या पाइपातून झिरपत होती आणि दोन वर्षं मी त्यांना तोंडी सांगत होते. ‘तुम्ही कपाट भिंतीला चिकटवलंत, हवा खेळली नाही,’ असं म्हणून त्यांनी सगळ्या घराच्या रंगाचे पैसे कापून घेतले. माझ्याकडे ना फोटो होता, ना एका ओळीचं पत्र. पैसे त्यांच्याकडे आणि निवाडा करणारेही तेच. दावा लावायचा तर कापलेल्या रकमेपेक्षा वकिलाची फी जास्त झाली असती, म्हणून मी गप्प बसले.

आता मालक म्हणून याची दुसरी बाजूही पाहिली आहे. माझ्या पहिल्या भाडेकरूंनी नोटीस दिली त्याच दिवशी सांगितलं, ‘शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करून घ्या.’ मला राग आला, पण त्यांचं कारण मला चांगलंच ठाऊक होतं. रक्कम परत मिळेल याची त्यांना खात्री नव्हती. ते गेल्यावर फुटलेलं बेसिन आणि निखळलेली खिडकी मी पदरच्या पैशांनी दुरुस्त केली, कारण अनामत भाड्यातच संपली होती. मालक रक्कम अडकवून ठेवतो आणि भाडेकरू भाडं थांबवतो, ही एकाच अविश्वासाची दोन टोकं आहेत.

कायदा याबाबत मुका नाही. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ भाडेपट्ट्याबद्दल सांगतं की करारात वेगळं काही नसेल तर भाडेकरूने घर ताब्यात घेतलं त्या स्थितीत परत करावं, मात्र वापराने होणारी वाजवी झीज त्यातून वगळावी. उन्हाने उडालेला रंग म्हणजे झीज, फुटलेली फरशी म्हणजे नुकसान, इतपत सगळ्यांना कळतं. पण घर घेतलं तेव्हा त्याची स्थिती काय होती हे कुठे लिहून ठेवलेलंच नसतं. मग ‘वाजवी’ कशाला म्हणायचं, यावर ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरतं.

इतर काही देशांनी या प्रश्नाच्या मुळालाच हात घातला आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २००७पासून बहुतेक खासगी भाडेकरारांची अनामत सरकारमान्य योजनेत सुरक्षित करावी लागते. मालकाने ते ठरलेल्या मुदतीत केलं नाही, तर न्यायालय त्याला रकमेच्या एक ते तीन पट पैसे भाडेकरूला द्यायला लावू शकतं. कापाकापीवरून वाद झालाच, तर न्यायालयात न जाता त्रयस्थ निवाडा करणाऱ्याकडे विनामूल्य जाता येतं आणि तिथे कपात योग्य असल्याचं दाखवण्याची जबाबदारी मालकावर असते, कारण मुळात पैसा भाडेकरूचा आहे. जुना रंग होता तर नव्या रंगाचे पूर्ण पैसे मागता येत नाहीत, हे तत्त्वही तिथे पाळलं जातं. माझ्या त्या भिंतीचा हिशेब अशा माणसासमोर झाला असता तर! न्यूझीलंडमध्ये अनामत सरकारी यंत्रणेकडेच जमा करावी लागते. जर्मनीत ती जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढी घेता येते, भाडेकरू ती तीन हप्त्यांत देऊ शकतो आणि मालकाने ती स्वतःच्या पैशांपासून वेगळी ठेवायची असते.

केंद्राने २०२१मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी घरांसाठी अनामतीवर दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे. तो नमुना कायदा असल्याने राज्यांनी स्वीकारला तरच लागू होतो. ही मर्यादा चांगलीच आहे, पण त्यातही रक्कम राहते मालकाच्याच हाती. माझी कळकळीची मागणी आहे की ती तिसऱ्याच हाती असावी. मालक म्हणून यात माझं काहीच जात नाही. उलट भाडेकरू शेवटपर्यंत भाडं देईल आणि नुकसान झालं तर भरपाईचे पैसे शाबूत असतील.

तोवर आपल्या हातात आहे ते करावं. दुसऱ्या भाडेकरूंना ताबा देताना आम्ही दोघांनी मिळून खोलीखोलीतून फिरत दोन पानी यादी केली. मीटरचं रीडिंग, किल्ल्यांची संख्या, भिंतीतले खिळे, खिडकीच्या काचेवरचा तडा, प्रत्येकाचा तारखेसह फोटो, आणि खाली दोघांच्या सह्या. तासभर लागला. दुरुस्तीची तक्रारही आम्ही लेखीच करायची ठरवली आहे, मग नातं कितीही चांगलं असो.

ते भाडेकरू पुढच्या आठवड्यात घर सोडत आहेत. यादी काढून ठेवली आहे. बाथरूमचा दरवाजा खालून फुगला आहे, आणि तो यादीत पहिल्या पानावर, पहिल्या दिवसापासून लिहिलेला आहे.

आपली नम्र,
एक वाचक